विंडोज टेन बंद झालं, लॅपटॉप जुना आहे, लिनक्स टाकू का? (नवख्यांसाठी, पायरीपायरीने)

विंडोज टेनचे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि तेव्हापासून नातेवाईक, सोसायटीतले, ओळखीचे दुकानदार सगळ्यांचा एकच प्रश्न, लॅपटॉप व्यवस्थित चालतोय पण विंडोज इलेव्हन घेत नाही, आता काय करू. इलेव्हनला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाहेरच. इथे नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या दुकानात नेऊन दाखवला तर नवीन घ्या म्हणतात, त्यांचंही काही चुकत नाही, त्यांचा तो धंदाच आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी जी जादा मुदत दिली तीसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची सिस्टीम. मी नाशिकमध्ये घरच्यांचे आणि ओळखीतल्यांचे बरेच लॅपटॉप लिनक्सवर नेलेत आणि काहींना तोंडावर नाहीसुद्धा सांगितलंय. लिनक्स सामान्य माणसासाठी तयार आहे का यावर लोक तासन्तास भांडतात. मला विचाराल तर लिनक्स कधीच तयार झालंय, अडतं ते तुमच्या प्रिंटरपाशी आणि ज्या एका सॉफ्टवेअरशिवाय तुमचं पान हलत नाही त्याच्यापाशी. म्हणून खाली पहिली पायरी सगळ्यात मोठी आहे, ती गाळून डायरेक्ट इन्स्टॉलवर उडी मारू नका.

१) आधी कामांची यादी

एक कागद घ्या आणि घरातले सगळे मिळून या कॉम्प्युटरवर काय काय करता ते लिहून काढा. "सगळंच करतो" असं लिहायचं नाही, सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं.

ब्राउझरमध्ये होणारी सगळी कामं चालतात. नेट बँकिंग, यूट्यूब, जीमेल, व्हॉट्सअॅप वेब, गुगल मीट, लाईटबिल, महाडीबीटीचा फॉर्म, सातबारा काढणे, ऑनलाईन रिटर्न भरणे, मुक्त विद्यापीठाच्या साईटवरची कामं, यात विंडोज आहे का लिनक्स याने काही फरक पडत नाही, तेच क्रोम नाहीतर फायरफॉक्स. झूमचं लिनक्ससाठी वेगळं अॅप आहे. नेटफ्लिक्स प्राइम चालतं पण ब्राउझरमध्ये क्वालिटी बऱ्याचदा कमी मिळते, टीव्हीवर बघत असाल तर सोडून द्या.

आधारची पासवर्डवाली पीडीएफ उघडते. डिजिटल सहीचा सातबारापण उघडतो आणि प्रिंट होतो, फक्त त्या सहीवर अॅडोबमध्ये जशी हिरवी टिक आणतात तसं इथे होत नाही, कारण अॅडोबने लिनक्सचा रीडर कधीच बंद केलाय. ओक्युलर नावाच्या रीडरमध्ये सही तपासता येते. काही जुने सरकारी पीडीएफ फॉर्म मात्र उघडल्यावर नुसतं "प्लीज वेट" दाखवून बसतात, ते खास अॅडोबसाठीच बनवलेले असतात, त्यांचा नाद सोडा.

आता नाही म्हणायची यादी, इथे मी मुद्दाम कडक आहे.

टॅली. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. वाईन नावाच्या प्रकारातून (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) लोक चालवतात, पण ज्या मशीनवर तुमचा वर्षभराचा हिशोब आहे तिथे असले प्रयोग करू नका, मार्चएंडला कोण निस्तरणार. दुकान टॅलीवर असेल तर त्या मशीनला हात लावायचा नाही.

कोरलड्रॉ, फोटोशॉप, पेजमेकर. फ्लेक्सवाले, लग्नाचे अल्बमवाले, पत्रिका छापणारे, तुम्ही विंडोजवरच राहा. इंकस्केप चांगलं सॉफ्टवेअर आहे आणि कोरलची फाईल उघडूनही दाखवतं पण गिऱ्हाईक समोर बसलंय आणि फाईलमधली अक्षरं इकडची तिकडे झालीत हे परवडणार नाही, त्यातून आता २०२७ च्या सिंहस्थाचे फ्लेक्स म्हणजे तुमचा सीझन.

ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, मास्टरकॅम. अंबड सातपूर एमआयडीसीतले व्हीएमसी-सीएनसी मशीनवाले बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. नाही चालत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, शिकायला आणि छोटे पार्ट काढायला छानच आहे, पण कंपनी ज्या फॉरमॅटमध्ये ड्रॉइंग पाठवते त्यात काम करायचं तर ऑफिसचं मशीन आहे तसं ठेवा आणि घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाका.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन आणि अंगठ्याचं मशीन. टोकन लिनक्सवर चालवता येतो, पण ड्रायव्हर, ब्राउझर आणि सही करणारं सॉफ्टवेअर तिन्ही एकमेकांशी जुळवताना जीव जातो. बायोमेट्रिक मशीनची सॉफ्टवेअरं मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडची. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्र चालवत असाल तर हा लेख इथेच बंद केला तरी चालेल.

गेममध्ये व्हॅलोरंट चालत नाही. स्टीमवरचे बरेच चालतात, प्रत्येक गेमचं नाव टाकून शोधून बघा. घरून द्यायच्या कॅमेरावाल्या परीक्षांची सॉफ्टवेअरंपण बहुतेक विंडोजच मागतात, मुलांची अशी परीक्षा जवळ आली असेल तर ती उरकू द्या.

मधली गोष्ट म्हणजे एमएस ऑफिस. लिनक्सवर ते इन्स्टॉल होत नाही, लिब्रेऑफिस असतं, अर्ज पत्र साधा हिशोब मजेत होतो. त्रास कुठे, तर ऑफिसातून आलेली मॅक्रोवाली एक्सेल आणि घट्ट डिझाईन केलेली वर्ड फाईल, तिथे पानं सरकतात. ओन्लीऑफिस फुकट आहे आणि एमएसच्या फाईली बऱ्यापैकी नीट दाखवतं, शिवाय ब्राउझरमधलं ऑफिस आहेच. द्राक्षाच्या फवारणीची नोंद, भिशीचा हिशोब, सोसायटीचा मेंटेनन्स एवढंच असेल तर डोळे झाकून जा.

यादीत एक जरी "नाही" निघालं तरी निराश होऊ नका, पण मग अख्खं विंडोज पुसायचं नाही, दोन्ही ठेवायचं. ते सातव्या पायरीत आहे.

२) काय काय लागेल

- लॅपटॉप, ४ जीबी रॅम असेल तर चालेल, ८ असेल तर उत्तम
- ८ जीबीचा रिकामा पेनड्राईव्ह (त्यातलं सगळं उडणार आहे)
- बॅकअपसाठी वेगळी हार्डडिस्क किंवा दुसरा मोठा पेनड्राईव्ह
- आयएसओ फाईल (अख्खं लिनक्स या एका फाईलीत येतं) उतरवायला नेट, साधारण ३ जीबी
- अँड्रॉइड मोबाईल आणि त्याची डेटा केबल (का ते पुढे)
- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड
- शक्य असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क)

रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर आयएसओ उतरवायला गेलात तर मधेच लटकेल, कोणाच्या तरी घरच्या वायफायवर बसा. आणि एसएसडीचं मनावर घ्याच. लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर लिनक्स टाकून जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट एसएसडी टाकून पडतो. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की तोच तुमचा बॅकअप, विंडोजसकट.

३) कुठलं लिनक्स

लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. रॅम ४ जीबी असेल आणि प्रोसेसर फारच म्हातारा असेल तर मिंटचीच एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. संपलं. नेटवर शोधायला गेलात तर पन्नास नावं दिसतील आणि प्रत्येकाचा भक्त वेगळा. मिंट विंडोजसारखं दिसतं, खाली पट्टी, डावीकडे मेनू, वडीलधाऱ्यांना नव्याने काही शिकवावं लागत नाही. मिंटची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ (हेही एक लिनक्सच) वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

सरकारी पर्याय म्हणून सीडॅकचं बॉस लिनक्सही आहे, केरळच्या सरकारी शाळांत तर वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवतात. पण अडलात तर नेटवर मदत मिंट-उबुंटूची सर्वात जास्त सापडते, नवख्या माणसाला तेच महत्त्वाचं.

४) बॅकअप आणि बिटलॉकर

फोटो, डॉक्युमेंट, डेस्कटॉपवर पडलेलं सगळं, डाउनलोड फोल्डर. हे सगळे घेतात. विसरतात ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, टॅलीचा डेटा फोल्डर, आणि सी ड्राईव्हच्या बाहेर कुठेतरी ठेवलेला "न्यू फोल्डर २". कॉपी झाल्यावर बॅकअपमधले चारदोन फोटो उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून विश्वास ठेवू नका.

दुसरं, खूप लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (अख्ख्या डिस्कला लावलेलं कुलूप) आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ता नसतो. बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची मशीनची स्वतःची सेटिंग) काही बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून आधीच कागदावर लिहून घ्या, आणि दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज नीट बंदच होत नाही आणि लिनक्समधून ते ड्राईव्ह फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

५) पेनड्राईव्ह बनवणे

मिंटच्या स्वतःच्या साईटवरून आयएसओ घ्या. यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेल्या ड्राईव्ह लिंकवरून किंवा टेलिग्रामवरून अजिबात नाही. मग विंडोजमध्येच रुफस (बूट होणारा पेनड्राईव्ह बनवणारं फुकटचं सॉफ्टवेअर) उघडायचं, पेनड्राईव्ह निवडायचा, आयएसओ निवडायची, स्टार्ट. फाईल नुसती कॉपी पेस्ट करून पेनड्राईव्ह बूट होत नाही, हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की वेगळं लिहिलं.

६) इन्स्टॉल न करता चालवून बघा

पेनड्राईव्ह लावून मशीन चालू करताना डेल, लेनोव्हो आणि एसरवर एफ१२ दाबत राहायचं, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालला नाही तर बायॉसमध्ये जाऊन बूट मेनू चालू करावा लागतो, आणि तिथल्या काही सेटिंग बदलायला आधी सुपरवायझर पासवर्ड टाकायला लावतं, तो टाकलात तर लिहून ठेवा. सेक्युअर बूट साधारणपणे बंद करायची गरज पडत नाही.

आता समोर पूर्ण मिंट चालतंय पण तुमच्या डिस्कला धक्का लागलेला नाही. लोक इथे पाच मिनिटं माऊस फिरवतात आणि इन्स्टॉल दाबतात. असं करू नका, चहा घ्या आणि एकेक तपासा. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, कॅमेरा, ब्लूटूथ, ब्राइटनेसची बटणं, झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतो का. फिंगरप्रिंट चालला तर नशीब समजा. आणि प्रिंटर, प्रिंटर इथेच लावून एक पान काढून बघायचं.

वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका, मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लगेच नेट येतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडला की ब्रॉडकॉमसारख्या वायफाय चिपचा ड्रायव्हर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

पेनड्राईव्हवरून चालतंय म्हणून थोडं हळू वाटेल, त्यावरून स्पीड ठरवू नका.

७) इन्स्टॉल

महावितरणचा बंदचा मेसेज आलाय का बघून घ्या, जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही दम धरत नाही आणि डिस्कचे भाग पाडताना लाईट गेली तर सगळंच अडकेल.

डेस्कटॉपवरचं इन्स्टॉल दाबलं की भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेकची टिक (ती करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत) आणि मग मुख्य प्रश्न येतो. "इरेज डिस्क" म्हणजे विंडोज आणि त्यातलं सगळं साफ. "विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल" म्हणजे दोन्ही राहतात आणि चालू करताना विचारतं कुठलं हवं. दोन्ही ठेवायचं असेल तर आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा रिकामी करून ठेवणं जास्त सुरक्षित, ५० जीबी तरी द्या.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही असं काही इंटेल लॅपटॉपवर होतं. बायॉसमध्ये स्टोरेज रेड, आरएसटी किंवा व्हीएमडी मोडवर असतं, ते एएचसीआय करावं लागतं. मात्र दोन्ही ठेवणार असाल तर हे बदलल्यावर विंडोज चालू व्हायचं थांबू शकतं, त्यासाठी आधी विंडोज सेफ मोडमध्ये न्यायची एक पद्धत आहे, ती नीट वाचून मगच करा. मला तर अशा वेळी दुसरी एसएसडी टाकणंच सोपं वाटतं.

दोन सिस्टीम ठेवल्यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. मशीन बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. विंडोजच्या टाइम सेटिंगमध्ये सिंक दाबलं की तेवढ्यापुरतं सरळ होतं, कायमचा उपाय म्हणून लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, त्याची एका ओळीची कमांड मिंटच्या फोरमवर मिळेल.

८) पहिल्या तासातली कामं

अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. ड्रायव्हर मॅनेजर बघा, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर शिफारस केलेला ड्रायव्हर तिथेच असतो. मग टाइमशिफ्ट चालू करा, हे सिस्टीमचा स्नॅपशॉट घेतं, उद्या काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. पण टाइमशिफ्टमध्ये तुमचे फोटो येत नाहीत, ते वेगळे ठेवायचे.

सॉफ्टवेअर हवं असेल तर आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा, मोबाईलच्या प्लेस्टोअरसारखंच आहे. साईटवरून ईएक्सई उतरवायची सवय सोडावी लागते, ती फाईल इथे थेट चालत नाही. कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलेली लांबलचक कमांड न समजता टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची काळी खिडकी) चिकटवायची नाही, विशेषतः ती पासवर्ड मागत असेल तर.

९) मराठी टायपिंग

इथे लोक उगीच घाबरतात. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर जाऊन इंडियाखाली मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा सरकारी कीबोर्ड) जोडा, काहीही उतरवावं लागत नाही. इनस्क्रिप्ट येत नसेल तर मराठी कागपा फोनेटिक म्हणून दुसरा लेआउट तिथेच आहे, के दाबलं की क. भाषा बदलायचं बटणही तिथेच ठरवता येतं. गुगलवर जसं इंग्रजी अक्षरांत शब्द लिहिला की मराठी होतो तशी सवय असेल तर क्रोममधलं गुगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन टाका, पण ते फक्त ब्राउझरमध्ये चालतं.

खरी अडचण जुन्या फाईलींची. श्रीलिपी, कृतीदेव, आकृती, डीव्हीबी सुरेख यात टाइप केलेलं सगळं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, कारण ते युनिकोड (सगळीकडे सारखं दिसणारं मराठी) नाहीच. तुमच्याकडे तो फॉन्ट असेल तर लिनक्समध्ये टाकता येतो आणि वाचता येतं, नाहीतर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यायचं आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घालायची. शासकीय टायपिंगच्या परीक्षेची तयारी चालू असेल तर इन्स्टिट्यूटमध्ये जे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे त्यावरच सराव करा.

वर्डमध्ये मंगल फॉन्टात केलेला अर्ज लिनक्सवर दुसऱ्या फॉन्टात दिसतो आणि दीड पानाचं दोन पान होतं. कोणाला पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा, नोटो किंवा मुक्त (Mukta) हे फॉन्ट वापरा.

१०) प्रिंटर

एचपीचे बहुतेक चालतात, पण आपल्याकडे घरोघरी असलेले लेझरजेट १०२०, पी११०८, एम१००५ यांना एचपीलिपचं (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) एक जादा प्लगइन लागतं, ते टाकल्याशिवाय प्रिंटर दिसतो पण कागद हलत नाही. एप्सनचे टाकीवाले एल मालिकेचे प्रिंटर चांगले चालतात, स्कॅनरसाठी एप्सन स्कॅन २ लिनक्सला मिळतं. ब्रदर स्वतः ड्रायव्हर देतं. नवीन वायफाय प्रिंटर बऱ्याचदा काहीही न टाकता आपोआप येतात.

आणि मग कॅनन एलबीपी २९००. प्रत्येक क्लासमध्ये, प्रत्येक वकिलाच्या टेबलावर हाच, मशीन दणकट, मरत नाही. याची भाषा वेगळी आहे, कॅननचा लिनक्स ड्रायव्हर आहे पण बसवायला टर्मिनलमध्ये खटपट करावी लागते आणि एखाद्या अपडेटनंतर तो परत रुसतो. रोज प्रिंट काढणाऱ्याकडे हा प्रिंटर असेल तर मी लिनक्स टाकून देत नाही, किंवा दोन्ही सिस्टीम ठेवायला सांगतो.

११) घरच्यांच्या हातात देताना

आईवडिलांसाठी करत असाल तर मिंटमध्ये वेब अॅप्स नावाचं एक अॅप आहे, त्यातून व्हॉट्सअॅप, बँक, यूट्यूब यांचे डेस्कटॉपवर वेगळे आयकॉन करून द्या, त्यांना ब्राउझर वगैरे काही कळायची गरज उरत नाही. अक्षरांचा आकार वाढवा. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन चालू करा म्हणजे अपडेटचा ठिपका बघून रात्री अकराला फोन येणार नाही. लांबून मदत करायला एनीडेस्क किंवा रस्टडेस्क चालतं, पण त्यातला नंबर घरच्यांशिवाय कुणालाही, बँकेचा माणूस म्हणून फोन आला तरीही, सांगायचा नाही हे दोनदा बजावा.

इन्स्टॉलचा पेनड्राईव्ह फॉरमॅट करून टाकू नका, लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवा. सिस्टीम कधी चालूच झाली नाही तर त्यावरून बूट करून फाईली काढून घेता येतात आणि टाइमशिफ्टचा स्नॅपशॉटही तिथूनच परत टाकता येतो.